पिवळ्या कव्हरच्या तीनशे बारा प्रती

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय वर्षं एकाहत्तर, रेकॉर्ड कारखान्यातून निवृत्त, असं लिहून ठेवते की हे मृत्युपत्र मी आपण होऊन लिहीत आहे. मला कुणी धमकावलेलं नाही, फूस लावलेली नाही आणि माझी बुद्धी ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. कानांचा दाखला डॉक्टर देत नाहीत, म्हणून तो मीच देते: स्वयंपाकघरातला नळ दर चार सेकंदांनी ठिबकतो आहे आणि वरच्या मजल्यावरच्या दंतवैद्यांनी आत्ताच खुर्ची सरकवली.

परवा, गुरुवारी सकाळी, माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. आज मंगळवार, दुपारचे सव्वादोन. माझे पती कानातल्या यंत्राचे सेल आणायला गेले आहेत, तिथून न्हाव्याकडे जातील, म्हणजे साडेचारच्या आत येत नाहीत. साक्षीदारांना साडेतीनला बोलावलं आहे. तेव्हा जे लिहायचं ते सव्वा तासात लिहून, सह्या घेऊन, पाकीट चिकटवून ते येण्याआधी खालच्या कुलूपवाल्यांच्या हाती द्यायचं आहे. माझ्या मृत्यूनंतरच ते उघडायचं. अक्षर कुठे घाईचं दिसलं तर त्यावरून शुद्धीबद्दल शंका घेऊ नये.

याआधी मी एक मृत्युपत्र केलं होतं, ते रद्द समजावं. त्यात खोटं काही नव्हतं, फक्त एक गोष्ट लिहिलेली नव्हती.

कलम पहिलं: राहतं घर.

दुसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्या आणि चिंचोळी गॅलरी माझ्या एकटीच्या नावावर आहेत. घर वडिलांचं. ते गेल्यावर माझ्या धाकट्या भावाचा त्यात अर्धा वाटा होता. हक्क सोडायच्या दिवशी तो बेकरीची गाडी खाली उभी करून वर आला, "ताई, कुठे सही करू?" म्हणाला आणि न वाचता सही करून गेला. गाडीत माल होता म्हणून पाणीसुद्धा न पिता गेला.

माझ्या पश्चात माझे पती, ज्यांना सगळे मास्तर म्हणतात, त्यांनी या घरात हयातभर राहावं. त्यांना कुणी उठवू नये. त्यांच्यानंतर घर माझ्या भाचीचं, म्हणजे याच भावाच्या मुलीचं. वकीलबाईंनी बजावलं आहे की मृत्युपत्रातून ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार म्हणून सही केली, तर त्याला ठेवलेलं सगळं रद्द होतं. म्हणून भाचीला आज बोलावलेलं नाही. तिला राग येईल, पण तिचा राग मला चालतो, तो लवकर उतरतो.

कलम दुसरं: बचत आणि उरलंसुरलं.

बचतीतून आधी इस्पितळाचं भागवावं. उरेल ते भाचीला. ज्या वस्तूची व्यवस्था लिहायची राहून गेली, किंवा लिहिलेली काही कारणाने रद्द ठरली, तीही भाचीलाच. भाची लिफ्ट दुरुस्त करते. आत माणूस अडकला असेल तर हाताने काम करत करत दाराबाहेरून त्याच्याशी बोलत राहायचं, म्हणजे तो घाबरत नाही, हे मला तिच्याकडून कळलं. माझ्या कपाटात तिचा बाप एकतीस वर्षं अडकलेला आहे आणि मी दाराशी उभी राहून एक शब्द बोललेली नाही. त्याचं कलम पुढे येईल.

कलम तिसरं: गजराचं घड्याळ.

हे मला कारखान्यातून निवृत्त होताना आमच्या साहेबांनी सर्वांसमोर भेट दिलं. सोबत चिठ्ठी होती, "आता बिनघोर झोपा." सगळे पोट धरधरून हसले. मीही हसले, कारण न हसणं जास्त दिसलं असतं. हे घड्याळ साहेबांना परत करावं, ते हयात नसतील तर त्यांच्या मुलाला. सोबत कलम सातची नक्कल द्यावी आणि त्यांनी ती मोठ्याने वाचावी, अशी माझी इच्छा आहे. कायद्याने सक्ती करता येत नाही, असं वकीलबाई म्हणतात.

कलम चौथं: नणंदबाई.

माझ्या तबकड्यांच्या खोलीत उभ्या राहून नणंदबाई एकदा म्हणाल्या होत्या, "एवढं जमवलंस, त्यापेक्षा एखादं लेकरू झालं असतं तर घराला शोभा आली असती." दुसऱ्या फळीच्या टोकाला उन्हाने वाकून खोलगट झालेली एक तबकडी आहे, ती त्यांना द्यावी. तिच्यात बिस्किटं छान राहतात.

कलम पाचवं: संग्रह.

कपाटातल्या पिवळ्या कव्हरच्या प्रती सोडून माझ्याकडे दोन हजार सहाशे चाळीस तबकड्या आहेत. सगळं जॅझ, आणि जवळजवळ सगळी फेरछपाई. ज्यांना हा नाद नाही त्यांच्यासाठी सांगते. तबकडी पहिल्यांदा निघते ती पहिली छपाई. पुढे काही वर्षांनी, वाजवणारे म्हातारे झाले किंवा गेले की, कंपनी तीच तबकडी पुन्हा काढते, पातळ कव्हरात, अर्ध्या किमतीत, मागच्या मजकुरात चुका करून. ती फेरछपाई. शौकीन लोक पहिल्या छपाईसाठी एकमेकांच्या उरावर बसतात आणि फेरछपाईकडे ढुंकूनही पाहत नाहीत. मास्तर तर तिला शिळं म्हणतात. मी ती दुकानांच्या दाराबाहेरच्या खोक्यांतून, फुटपाथवर गुडघे टेकून वेचलेली आहे.

आणि त्यात पश्चात्ताप नाही. पहिल्या वेळी सगळ्यांना घाई असते. ट्रम्पेट पुढे आणायचा म्हणून बास दाबून टाकतात. दहा वर्षांनी एखादा शांत डोक्याचा कोरणारा, म्हणजे टेपवरून मूळ साचा कोरणारा कारागीर, तेच रीळ पुन्हा लावतो आणि अचानक बासवाल्याची बोटं ऐकू येतात. अशा प्रत्येक तबकडीला मी कार्ड लावलं आहे. "दुसरी बाजू, तिसरी चाल: पियानोवाल्याची खुर्ची करकरते." "पहिली बाजू, शेवट: ड्रमवाला खोकला दाबतो, म्हणून ठेका घाईचा." कार्डं तबकड्यांपासून वेगळी करू नयेत.

हा संग्रह भाचीचा. तिला विकायचा असेल तर कलम आठमधल्या मुलीला आधी विचारावं. तबकड्या उभ्याच ठेवाव्यात, एकावर एक आडव्या रचू नयेत. माणसं आडवी होतात तेवढं पुरे.

कलम सहावं: प्लेअर.

प्लेअर मास्तरांना. त्यांना आता वरचे सूर ऐकू येत नाहीत, यंत्र लावूनही बोलणं अर्धंच कळतं. पण प्लेअरच्या लाकडी खोक्यावर तळहात ठेवला की ठेका बिनचूक सांगतात. सुई बदलायची झाल्यास भाचीला बोलवावं, त्यांचे हात थरथरतात. ते नाही म्हणतील, तरी बोलवावं.

कलम सातवं: पिवळं कव्हर.

पावणेतीन झाले. इथून पुढे मला जरा जपून लिहायचं आहे.

बेचाळीस वर्षांपूर्वी मास्तरांच्या बँडची एक तबकडी निघाली. मास्तर ट्रम्पेटवर, माझा भाऊ सॅक्सोफोनवर, शिवाय पियानो, बास आणि ड्रम. तिच्यातली पहिली चाल इतकी चालली की आजही बँकेला फोन लावून ताटकळत बसलं तर कानात तीच वाजते. लेबलवर "रचना" या शब्दापुढे मास्तरांचं नाव आहे. ती चाल माझ्या भावाची आहे. त्याने ती आमच्या गॅलरीत उभं राहून शिट्टीवर बसवली, चार दिवस, आणि चारही दिवस मी आत भांडी घासत होते.

मास्तरांनी ते नाव स्वतः घातलं नाही, हेही लिहिलं पाहिजे. कंपनीच्या कारकुनाला रकाना रिकामा दिसला, त्याने बँडच्या प्रमुखाचं नाव टाकलं. मास्तरांनी ते खोडलं नाही, एवढंच. मग पहिली मुलाखत झाली, मग पुरस्कार, मग संगीतशाळेची नोकरी, आणि खोडायची वेळ निघून गेली.

माझ्या भावाने एकदाच विचारलं, तेही त्यांना नाही, मला. जेवून हात धुताना म्हणाला, "ताई, तू तर कारखान्यात दिवसभर ऐकतच असतेस. तू सांग ना, चाल कोणाची आहे?"

मी म्हणाले, "लेबलवर काय छापलंय ते वाचता येतं ना तुला?"

हे वाक्य माझं आहे. ते दुसऱ्या कुणाच्या तोंडी घातलं जाऊ नये म्हणून इथे लिहिते. त्याच महिन्यात त्याने सॅक्सोफोन विकला आणि बेकरीची गाडी धरली.

कारखान्यात माझं काम ऐकण्याचं होतं. नव्या साच्यातून निघालेल्या पहिल्या पाच तबकड्या माझ्या टेबलावर यायच्या. मी कानाला हेडफोन लावून त्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकायची. खरखर, उडी, चुकीचं रीळ, काहीही सापडलं की लाल शिक्का, नाहीतर हिरवा. हिरवा पडल्याशिवाय यंत्र चालू होत नसे. एकतीस वर्षांपूर्वी कंपनीने तीच तबकडी स्वस्त मालिकेत पुन्हा काढायचं ठरवलं, पिवळ्या कव्हरात. डब्यात दोन रिळं होती. एक नंबरचं पसंत केलेलं, आणि फुली मारलेलं, नापसंत, चार नंबरचं. कोरणाऱ्याने गडबडीत चार नंबरचं लावलं. ती चूक त्याची, प्रामाणिक चूक. मी सुई टेकवली आणि चालीच्या आधी बारा सेकंद स्टुडिओतलं बोलणं ऐकलं.

मास्तरांचा आवाज, तरुण: "चाल तुझी आहे, तूच धर. मी मागून येतो."

माझ्या भावाचा आवाज: "आणि भावजी, नाव कोणाचं टाकायचं?"

मास्तर: "नावाचं नंतर बघू."

मग माझा भाऊ हसतो. मग त्याचा पाय जमिनीवर चार वेळा पडतो आणि चाल सुरू होते.

लाल शिक्का माझ्या हातात होता. मी तो खाली ठेवला आणि हिरवा मारला.

तीन आठवड्यांनी एका दुकानदाराची तक्रार आली की रेकॉर्डच्या सुरुवातीला कोणीतरी गप्पा मारतंय. तोवर पाचशे प्रती निघाल्या होत्या. एकशे वीस परत आल्या, त्या वितळवल्या. रीळ पुसून दुसऱ्या कामाला वापरलं. मला साहेबांपुढे उभं केलं. ते म्हणाले, "बाई, तुम्ही ऐकत होतात की नाही?" मी म्हणाले, "डुलकी लागली होती साहेब." मला पॅकिंगला टाकलं आणि पुढची सगळी वर्षं मी खोक्यांना चिकटपट्टी लावली. कोणी जांभई दिली तरी माझ्याकडे बघून द्यायचे.

मी या कागदाद्वारे जाहीर करते की मला डुलकी लागली नव्हती. त्या टेबलावर अठरा वर्षांत मी एवढी जागी कधीच नव्हते.

पण धाडस शिक्का मारेपर्यंतच टिकलं. घरी येऊन मास्तरांचं ताट वाढलं तेव्हाच ते संपलं. वितळवल्या त्या सोडून तीनशे ऐंशी प्रती बाहेर फिरत होत्या. त्यातली एखादी संगीतशाळेतल्या कुणी लावली तर? मास्तरांना फेरछपाईत काहीतरी घोळ झाला एवढंच कळलं होतं. ते म्हणाले, "शिळ्यात मीठ जास्त पडलं असेल." त्यांनी ती ऐकली नाही. दुसऱ्या आठवड्यात मी एका दुकानाच्या खोक्यातली पिवळी प्रत विकत घेतली. मग आणखी एक. एकच रेकॉर्ड मागत फिरणारी बाई दुकानदाराच्या लक्षात राहते, म्हणून सोबत दुसरं काहीबाही घ्यायची. माझा नाद असा सुरू झाला. पुढे त्या काहीबाहीनेच मला वेड लावलं, पण सुरुवात ही अशी आहे. ज्या हाताने मी ती जगात सोडली त्याच हाताने एकेक करून परत आणली.

आज माझ्याकडे तीनशे बारा आहेत. अडुसष्ट कुठे आहेत ते मला ठाऊक नाही. एकतीस वर्षं फोन वाजला की माझ्या मनात आधी अडुसष्ट येतं आणि मग मी हॅलो म्हणते.

भाऊ दर रविवारी आमच्याकडे जेवायला यायचा. खुर्चीत पाठ दुखते म्हणून जमिनीवर, त्या कपाटाला टेकून बसायचा. त्याच्या पाठीमागे चार बोटांवर त्याचंच हसू होतं, तीनशे वेळा. मी त्याला ते एकदाही ऐकवलं नाही. आज ऐकवू, मास्तर बाहेर गेले की ऐकवू, असं करत बावीस वर्षं गेली, आणि मग तो गेला. त्याला नऊ वर्षं झाली. शोकसभेत मास्तरांनी ती चाल वाजवली आणि म्हणाले, "माझी ही चाल त्याला फार आवडायची." भाची पहिल्या रांगेत होती. तिने नंतर मास्तरांचा हात धरून आभार मानले. बाप वाद्य विकून बसलेला, कशातच न टिकलेला माणूस होता आणि मास्तरांनी त्याला सांभाळून घेतलं, असं तिला वाटतं. मी तिच्या शेजारी बसले होते.

पुढे कुणाला शंका आली तर लेबलवर विश्वास ठेवू नये. तबकडी उजेडात तिरकी धरून, लेबलाजवळच्या कोऱ्या कड्यात कोरणाऱ्याने सुईने खरवडलेला आकडा पाहावा. माझ्या सगळ्या प्रतींवर चार आहे.

कलम आठवं: शनिवारचा कागद.

एक मुलगी आहे, तिशीतली. गॅरेजमध्ये थाटलेली छोटी कंपनी चालवते आणि विस्मरणात गेलेल्या तबकड्या नव्याने काढते. चांगल्या जाड कव्हरात, फोटो, आठवणी, सगळं शोधून. मास्तरांची ती तबकडी ती पुन्हा काढते आहे. आठ-दहा दिवसांपूर्वी फोटो न्यायला आली होती. कपाटापुढून जाताना तिचं बोट तबकड्यांच्या कडांवरून फिरत होतं, ते पिवळ्यांवर थांबलं.

"आजी, ही एकच रेकॉर्ड इतक्या वेळा?"

"स्वस्तात मिळाल्या," मी म्हणाले.

"ही तीच ना, सुरुवातीला बोलणं आहे ती? मी सात वर्षं शोधतेय. लोक म्हणतात अशी नाहीच म्हणून. एक लावूया का?"

"सगळ्यांना चरे पडलेत. सुई खराब होईल."

खुर्चीतून मास्तरांनी विचारलं, "काय म्हणतेय ती?"

"कपाट छान आहे म्हणतेय," मी सांगितलं. मुलीने माझ्याकडे पाहिलं आणि बोट कडांवरून काढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर त्या कपाटापुढे उभे होते. एक पिवळं कव्हर हातात, भिंग डोळ्याला. म्हणाले, "एवढ्या कशाला गं?" मी म्हणाले, तुमची आहे म्हणून. त्यांना ते पटलं नाही. बेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांचं पटणं आणि न पटणं मला मानेवरून कळतं. आजकाल ते दुपारची खुर्ची त्याच खोलीत टाकतात.

शनिवारी ती मुलगी छापायच्या मजकुरावर सही घ्यायला येणार आहे. त्यात "रचना" हा रकाना तिने मुद्दाम रिकामा ठेवला आहे. मास्तर म्हणाले, "त्यात काय विचारायचं, नेहमीचंच लिहा." या वेळी ते जाड कागदावर, नीट पुरावे शोधून काढलेल्या पुस्तिकेत छापलं जाईल. त्यानंतर कोणी पुन्हा बघणार नाही.

मी गेले तर हा कागद बोलेल. मी वाचले तर शनिवारी चहा मी करीन, कप पुढे ठेवीन आणि पुन्हा गप्प बसेन, इतकं मी स्वतःला ओळखते. ऑपरेशनची भीती वाटते का, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी हो म्हणाले. त्यातून जगून बाहेर येण्याची भीती वाटते, हे काही सांगता आलं नाही.

कलम नववं: तीनशे बारा प्रतींची व्यवस्था.

एक प्रत भाचीला. सोबत शिवणाच्या डब्यातली तिच्या वडिलांच्या सॅक्सोफोनची तोंडात धरायची नळी. वाद्य विकताना ती त्याने खिशात ठेवून घेतली होती आणि पुढे माझ्याकडे दिली. भाचीने तबकडी एकटीने ऐकावी, आणि ऐकून झाल्यावर मला काय म्हणायचं ते म्हणावं.

एक प्रत त्या मुलीला, कलम सातच्या नकलेसह, शनिवारच्या आत.

उरलेल्या तीनशे दहा प्रती जिथून उचलल्या तिथे, म्हणजे दुकानांच्या दाराबाहेरच्या खोक्यांत, एकेक करून परत ठेवाव्यात. विकू नयेत. कुणाच्या तरी हाताला लागू द्याव्यात. आणि मास्तरांना माझ्या वतीने

नोंद. वरचं वाक्य अर्धं राहिलं, ते तसंच ठेवते. तीन वाजून दहा मिनिटांनी दारात किल्ली फिरली. न्हाव्याचं दुकान बंद होतं.

मी कागद वर्तमानपत्राखाली सरकवला, पण पेन उघडं राहिलं. मास्तरांनी नवे सेल घातले, यंत्र कानात बसवलं, आणि म्हणाले, "काय लिहितेस?"

"इस्पितळात न्यायच्या सामानाची यादी."

"आण, बघू. माझा चष्मा घातलास का त्यात?" त्यांनी वर्तमानपत्र उचललं. मी हात पुढे केला होता, तो मागे घेतला. का घेतला, ते मला आत्ताही सांगता येणार नाही.

ते उभ्याउभ्या पहिल्या पानापासून वाचू लागले. कलम चारला त्यांना हसू आलं. कलम सातच्या मध्यावर त्यांनी खुर्ची ओढली. नळ ठिबकत होता, तो मी मोजत बसले. मग दाराची घंटा वाजली. कुलूपवाले आणि वरचे दंतवैद्य, सांगितलेल्या वेळेआधी. मी त्यांना आत घेतलं. दोघांनी मास्तरांचा चेहरा पाहिला आणि दाराशीच उभे राहिले.

मास्तर उठले, कपाटाशी गेले आणि एक पिवळी प्रत ओढून काढली. मला वाटलं, आता फोडतात. फोडा, तीनशे अकरा उरतील, असं मी मनात म्हटलं, आणि त्याची मला लाजही वाटली नाही. त्यांनी ती प्लेअरवर ठेवली. सुई मी टेकवली. त्यांनी खोक्यावर तळहात ठेवला आणि मान तिरकी केली.

"खरखर येतेय नुसती," ते म्हणाले. "काय म्हणतोय मी?"

मी सांगितलं. त्यांना ऐकू गेलं नाही. मी सुई पुन्हा सुरुवातीला ठेवली.

"मोठ्याने बोल. काय म्हणतोय मी?"

मी आयुष्यभर ऐकण्याचं काम केलं. त्या दोन माणसांसमोर मी माझ्या घरात ओरडून सांगितलं, "नावाचं नंतर बघू, असं म्हणताय तुम्ही."

ते खोक्यावर आणखी वाकले. मग म्हणाले, "आणि तो?"

"तो काही म्हणत नाही. हसतोय."

त्यांच्या तळहाताखाली चार ठोके पडले. पाय जमिनीवर पडल्याचे. ते त्यांना बरोबर कळले, कारण चौथ्याला त्यांनी डोळे मिटले. पूर्ण चाल संपेपर्यंत आम्ही चौघंही उभे होतो. सुई मी उचलली.

"तू बावीस वर्षं त्याला ऐकवली नाहीस," ते म्हणाले.

"नाही."

"माझ्यामुळे."

"तुमच्यामुळे. आणि माझ्यामुळे."

यावर त्यांनी मान हलवली. मग टेबलाशी येऊन माझ्या हातातलं पेन मागितलं. कुलूपवाले सज्जन माणूस आहेत. मी त्यांना कालच सगळी पद्धत आणि कुणाला काय ठेवलंय ते समजावून सांगितलं होतं. ते पुढे झाले आणि म्हणाले, "मास्तर, साक्षीदाराला यातून काही मिळत नाही. घरात राहायचं कलम तुमच्यापुरतं रद्द होईल. प्लेअरसुद्धा जाईल. सगळं भाचीच्या हातात. वाचलंत ना?"

"ऐकू आलं मला," मास्तर म्हणाले.

त्यांनी काय लिहिलं ते मी वाचलेलं नाही. मी माझी सही केली, मग या दोघांनी माझ्यासमोर केली, आणि शेवटी ते. अर्ध्या राहिलेल्या वाक्यात मला त्यांच्यासाठी काय लिहायचं होतं, ते आता मला नक्की आठवत नाही. पाकीट अजून उघडं आहे.

स्थळ: राहतं घर, जेवणाचं टेबल.
दिनांक: मंगळवार, ऑपरेशनच्या दोन दिवस आधी, सायंकाळचे पाच वाजून वीस मिनिटं.

लिहून ठेवणारी: (सही) निवृत्त ऐकणारी. "पॅकिंग विभाग" असं लिहू नये.

साक्षीदार पहिला: (सही) कुलूपवाला, तळमजला. बाईंनी आमच्यासमोर सही केली. शुद्धीत होत्या.

साक्षीदार दुसरा: (सही) दंतवैद्य, तिसरा मजला. वरीलप्रमाणे. तबकडी मीही ऐकली.

साक्षीदार तिसरा: (सही, थरथरत्या अक्षरात) ट्रम्पेट. त्या दिवशी मी स्टुडिओत हजर होतो. चाल माझ्या मेहुण्याची. नावाचं नंतर बघू म्हणालो होतो, ते राहून गेलं. शनिवारची वाट बघू नका. गॅरेजवाल्या पोरीला आजच बोलवा.